आखूड हातांचा ऑर्विल

प्रिय आई,
डकोटाच्या तेलविहिरीवरून तुला खूप प्रेम. मी वेळेवर जेवतो, काळजी नको.

आज जेवणघरात खडाजंगी झाली! इथे निम्मे आपल्या मिशिगनचेच. गुरुवारी व्यावसायिक फुटबॉल संघ कॉलेजातले खेळाडू निवडणार, तेव्हा आपल्या मिशिगनच्या संघाने बचावफळीसाठी कोणाला घ्यावं, यावर वाद पेटला.

“ऑर्विल नको, हात आखूड आहेत, समोरच्याला रेटणार कसा?” आचारी व्हर्जिल गरजला.

मला राहवलं नाही. “त्याला जागचा हलवून तर दाखव!”

“एवढा पुळका कशाचा रे?”

“धाकटा भाऊ आहे माझा.”

व्हर्जिलने माझ्या ताटात मांसाचा आणखी एक तुकडा वाढला. “हात आखूडच. पण आता घ्यायचा तर आपलाच!” सगळ्यांनी टेबलं बडवली.

ऑर्विलचा गुडघा अजून दुखतो का? गुरुवारी निवड झाल्याचा फोन वाजला, की त्यालाच उचलू दे. फोन यायला उशीर झाला, तर त्याच्याजवळ बसून राहा.

तुझाच,
एमेट