जीप, ठिणगी आणि माझा शांत स्वभाव

३ नोव्हेंबर, सकाळी ८
आमची संयोगिता फौजदार झाली. एकुलती एक लेक. ट्रेनिंग संपवून १५ तारखेला येतेय. गावाने शाळेच्या पटांगणावर सत्कार ठेवलाय. मी जाहीर केलंय की इस्लामपूर स्टँडवरून तिला आपल्या जुन्या पेट्रोल जीपमधून आणायचं. हूड उघडं, पुढे हलगी, स्टिअरिंगवर मी.
जीप पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. आज स्टार्टर मारला. इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही. किरकोळ. मी सतरा वर्षं फौजेत गाड्यांच्या स्टोअरला होतो. पार्ट नंबर अजून तोंडपाठ. हवालदार म्हणून रिटायर झालो तरी गाव मला मेजर म्हणतं, ते उगाच नाही.
संकल्प : मेकॅनिक बोलवायचा नाही. चिडायचं नाही. तसा मी चिडत नाहीच. सौ.चं आपलं काहीतरी म्हणणं असतं.

दुपारी ४
झालं नाही. टायरला एक लाथ घातली. हवा तपासायला.

४ नोव्हेंबर
यूट्यूबवर पाहिलं. प्लग काढायचा, त्याच्या वायरीला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा, दुसऱ्याने स्टार्टर मारायचा. निळी ठिणगी उडाली पाहिजे. सौ.ला सीटवर बसवलं. ठिणगी नाही. परत. नाही. आठव्या वेळेला सौ. हळूच म्हणाली, "आवं, मानसिंग मिस्त्रीला बोलवूया का?"
मी शांतपणे पाना भिंतीवर मारला. तिथला गिलावा आधीच सैल होता.
निदान : बॅटरी.

५ नोव्हेंबर
नवी बॅटरी. इंजिन आता झकास फिरतं. ठिणगी नाही. बंपरला लाथ. अंगठ्याचं नख गेलं. बंपर मुळातच चुकीच्या उंचीवर बसवलाय.
सौ.ने हळद लावली. समजूतदार बाई.

७ नोव्हेंबर
निदान : कॉइल. ठिणगीचा करंट तीच बनवते. नवी बसवली. नाही.
मग राहिला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे चारी प्लगना ठिणगी वाटून देणारा डबा. त्याच्या पोटात उघडझाप करणारे पॉइंट असतात, ते चिकटले असणार. हातोडीने हलके टोले दिले. दहा-बारा. टोपणाला तडा गेला. हल्ली माल असाच येतो. दुसरं टोपण आणलं. नाही. परत टोले दिले. रागाने नव्हे, पद्धतशीर.
पॉइंट उघडून बघावेत असं एकदा वाटलं होतं. पण स्टोअरला आम्ही डिस्ट्रिब्युटर खोक्यातून कधी बाहेर काढला नाही. सीलबंदच द्यायचो.

८ नोव्हेंबर
स्टार्टरवर विश्वास नाही. पुढून हँडल घालून फिरवलं. तासभर. हँडल निसटून नडगीवर बसलं. मी ते लांब ठेवलं. म्हणजे फेकलं. कोंबडी मध्ये आली.
संध्याकाळी रस्सा. नुकसान शून्य. सौ. जेवली नाही. तिची आवडती कोंबडी होती म्हणे. मला आधी सांगायला नको?

१० नोव्हेंबर
शेजारी तात्याबा. माझा चुलतभाऊ. कुंपणावरून म्हणतो, "मेजर, ट्रॅक्टरनं वडून आणू का रं मिरवणूक? तू नुसतं स्टिअरिंग धर."
मी त्याला समजावलं. समजावता समजावता तो उकिरड्यात पडला. मग त्याने मला समजावलं. शर्ट फाटला, खालच्या ओठाला सूज. त्याची बायको रंगुबाई खराटा घेऊन आली, तेव्हा मी माघार घेतली. बायकांवर मी हात उचलत नाही. गेली कैक वर्षं तर नाहीच.

११ नोव्हेंबर
संयोगिताचा फोन. म्हटलं, जीप तयार आहे, थोडं फिनिशिंग बाकी. ती म्हणाली, "आबा, आईला द्या." सौ. फोन घेऊन आत गेली आणि कडी लावली. वीस मिनिटं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. मला काहीतरी सरप्राइज द्यायचं ठरलेलं दिसतंय.

१२ नोव्हेंबर
मानसिंग मिस्त्री आला. मी बोलावलं नव्हतं, सौ.ने परस्पर बोलावला. म्हटलं, ठीक आहे, मार्गदर्शन करू.
एक बल्ब आणि दोन वायरी, एवढंच सामान. बल्बची एक वायर बॅटरीला लावली, दुसरी कॉइलला, आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. म्हणाला, "बल्बनं लुकलुकायला पायजे, मेजर. ह्यो नुसता जळतोय." मग डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून आत बघितलं.
"आतली वायर चेंबून बॉडीला लागलीया. ठिणगी कुठनं येणार? आन् खरं सांगू? मूळ दुखणं बारीक हुतं. पॉइंटवर कीट धरल्याली. बारीक पॉलिश पेपरचा एक हात मारला असता तर पयल्याच दिवशी चालू झाली असती. बाकीचं समदं मारल्यामुळं झालंय."
सौ. चहा घेऊन उभी होती. ती हसली. आवाज न करता, पण हसली. मी पाहिलं.
हातातला पाना सुटला. सौ.च्या दिशेने. मानसिंग मध्ये आला.
भुवईवर लागलं. रक्त फार आलं. डोकं असलं की रक्त येतंच. कपबशा फुटल्या. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, की मला काहीतरी करणं भाग होतं. बॉनेटवर ठोसा मारला. मिलिटरी लिलावातली जीप. जुनं, जाड लोखंड.

१३ नोव्हेंबर
कालचं आणि आजचं, दोन्ही आज डाव्या हाताने लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये. दोन हाडं.
मानसिंगला चार टाके. त्याला तात्याबाने ट्रॅक्टरवरून दवाखान्यात नेलं. तिथे माझी आणि मानसिंगची समोरासमोर गाठ पडली. मी म्हटलं, पाना घामामुळे निसटला. डॉक्टरीणबाईंनी सौ.ला विचारलं, तुम्हाला कुठे लागलंय का? सौ. म्हणाली, "आज न्हाई."
तिला नीट उत्तर देता येत नाही.

१४ नोव्हेंबर
अक्षर लागत नाही. सौ. माहेरी गेलेली नाही, पण ट्रंक दाराजवळ आहे. साफसफाई काढली असेल.

१५ नोव्हेंबर, दुपारी २
संयोगिता सकाळीच आली. एसटीने, एकटी. युनिफॉर्ममध्ये चांगली दिसते. घरी यायच्या आधी ती मानसिंगच्या घरी जाऊन आली. त्याला सोबतच घेऊन आली. कपाळाला पट्टी बांधलेला मानसिंग जीपपाशी बसला. वायर बदलली, पॉइंट घासले. पाऊण तास. जीप एका स्टार्टरला चालू झाली.
मी फेटा बांधायला घेतला. एका हाताने जमत नव्हतं. तिला म्हटलं, जरा बांध.
ती म्हणाली, "आबा, तुमी घरातच थांबा. जीप मानसिंगदादा चालवत्यात. माझ्याशेजारी आई बसंल."
मी म्हटलं, मिरवणूक माझी आहे. मग सुधारून म्हटलं, तुझी आहे.
तिने दार लोटलं. आवाज चढवला नाही. मला वाटतं, ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील.
"मला ही जीप कवाच नको हुती. लहानपणी शेताकडनं हिचा आवाज आला की आई गॅस बारीक करायची, मी दप्तर आवरायची. मग आमी दोघी गप उभ्या राहायचो. तुमी उतरून दार कसं आपटताय, ते ऐकायला. जोरात आपटलं की मी माळ्यावर. आई खालीच."
मी म्हटलं, त्या दाराचं लॉक खराब होतं.
ती म्हणाली, "आबा, मानसिंगदादांनी तक्रार दिली तर मी आडवी येणार न्हाई. आन् पुढच्या टायमाला तक्रार मी देणार."
मी तिच्या खांद्यावरचे दोन तारे बघत होतो. काहीतरी वडिलांसारखं बोलायचं होतं.

संध्याकाळी ५
हलगीचा आवाज इथपर्यंत येतोय. माइकवरून कुणीतरी सौ.चं नाव घेतलं. पूर्ण नाव. टाळ्या. बराच वेळ चालल्या. मला वाटलं, मग माझं नाव घेतील. मग वंदे मातरम् झालं.

६.४०
घरात कुणी नाही. चहा करायला गेलो. डाव्या हाताने काडी पेटत नाही. तीन मोडल्या. पेटी भिंतीवर मारणार होतो. मारली नाही. हे इथे लिहून ठेवतो.
ट्रंक अजून दाराजवळच आहे. उघडून पाहिली. सौ.च्या साड्या. वर संयोगिताचा लहानपणचा फ्रॉक. साफसफाई नाही.

६.५५
जीपचा आवाज येतोय. ओढ्याचा पूल ओलांडला. इंजिन छान चाललंय, एक ठिणगी चुकत नाही. गियर बदलला. वळली.
मी पंखा बंद केला. उभा आहे. येणाऱ्यांचा मूड कसा असेल, दार लावल्याच्या आवाजावरून कळेल.