पंचांगाचं मशीन

राजा घाट, वाराणसी
१४ ऑक्टोबर २०२२

चि. रत्नाकर यास,

पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही दोघं ठीक आहोत. गंगेचं पाणी उतरलं, पायऱ्यांवरचा चिखल काढणं चालू आहे. फोनच केला असता, पण बाबा शेजारी बसलेले असतात आणि मला आज तोंड आवरायचं नाही.

बाबांचं पंचांगाचं मशीन चालू झालं. तुझ्याशिवाय.

मांडणी तुझीच होती. त्यांचा गणिताचा प्रोग्राम जुन्या विंडोजवरच चालतो, म्हणून त्याचं एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, आणि तुला पुण्याहून सांभाळता यावं म्हणून ते दुसऱ्या व्हर्च्युअल मशीनच्या पोटात. श्रावणात आतलं सुरूच होईना. तू म्हणालास, "अपडेटनं झालं असेल, ताई. सोड आता ते."

मी बायोस, म्हणजे कॉम्प्युटरचं मूळ सेटिंग पाहिलं, तिथं सगळं चालू. आतलं मशीन पुन्हा बसवलं, तेच रडगाणं. शेवटी बाहेरच्याचं सेटिंग उघडलं. मशीनच्या पोटात दुसरं मशीन चालू देणारी टिकेची खूणच काढलेली! अपडेटनं ती निघत नाही, रे. बाहेरचं मशीन पूर्ण बंद करून कुणीतरी मुद्दाम काढावी लागते. पासवर्ड दोघांकडेच, तुझ्याकडे आणि माझ्याकडे. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, एवढी बावळट वाटले तुला?

"पंचांग आहे तोवर काशी सोडणार नाही," असं तू पुण्याला चला म्हणालास तेव्हा बाबा तुला म्हणाले, म्हणून तू पंचांगच बंद पाडलंस. समोर येऊन भांडायचं होतंस की!

मशीन बिघडलं असं बाबांना वाटलंच नाही. ते चालू कसं करायचं हे आपणच विसरलो, असं वाटलं. छापखान्याच्या यज्ञेश्वरकाकांसमोर रडले. "माझा दिमाग गेला, यंदा छापू नका," म्हणाले. मग मुकाट्यानं पुण्यासाठी कपडे बांधायला लागले. नीच आहेस तू. हे मी कधीच माफ करणार नाही.

मी त्यांना खरं सांगायलाच गेले होते. पण तो चेहरा बघून तोंडातून निघालं, "रत्नाकरनं पुण्याहून दुरुस्त केलं. तुमची काही चूक नव्हती." तेव्हापासून घाटभर तुझी तारीफ चालली आहे. रविवारी तुला फोन करणार आहेत, तोंडभर आशीर्वाद द्यायला. गुपचूप ऐकून घे आणि "हो बाबा" म्हण.

पासवर्ड मी बदलला आहे.

बाबा आहेत तोवर तुझी ताई,
शरदिनी