बाबांनी मान डोलावली

४ मार्च

ती. दादा यांस,
कृ. सा. न. वि. वि.

माझं परदेशी जाणं ठरलं. काम तेच, कवळ्या करायचं; तिकडच्या लोकांचेही दात पडतातच. करार पाच वर्षांचा आहे, पुढेही वाढेल असं दिसतं. आधी महिनाभर कंपनीच्या शाळेत शिकायचं, त्यासाठी सोमवारी निघते. शिलाई मशीनं कुठेही बिघडतात, असं म्हणून तू बाबांजवळ कायमचा राहायला तयार झालास. उपकार मानलेले तुला चालत नाहीत, म्हणून मानत नाही.

दूध उतू जाताना बाबांना ऐकू येत नाही, तेव्हा शेगडीपाशी तूच थांब. गिरणीत मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले, पण ओठ वाचायला ते तिथेच शिकले. समोर उभं राहून बोललं की पुरे. पाटीवर मात्र लिहून दाखवू नकोस. लिहून कळवतात ते कामावरून काढताना, असं म्हणतात आणि दिवसभर अबोला धरतात.

एक काम तुझ्यावर टाकते. पाच वर्षांचं मी त्यांना सांगितलेलं नाही. महिनाभर शिकायला जाते, एवढंच त्यांना माहीत आहे. सांगायला समोर बसले की मला रडू येतं, आणि रडत्या ओठांवरचं त्यांना वाचता येत नाही. तू मोठा आहेस, तू सांग. ते जाऊ नकोस म्हणाले तर मी जाणार नाही, हे ठरलेलं आहे.

लोभ आहे, तो बाबांच्या वाट्यालाही थोडा दे.

तुझी
धाकटी


१५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू राईचा पर्वत केला होतास. बाबांना समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, धाकटी पाच वर्षांसाठी परदेशी चालली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मान डोलावली आणि चपलेचा तुटका पट्टा शिवायला घेतला. हू नाही की चू नाही. इतका समजूतदार माणूस मी पाहिला नाही.

एकूण आमचं छान जमतं. पुढच्या खोलीतलं कपाट मागे नेऊ का, असं विचारलं, त्यांनी मान डोलावली, मी नेलं. सकाळी मात्र ते त्या रिकाम्या भिंतीपुढे बराच वेळ उभे होते. वय झालं की विसर पडायचाच. नळ बंद करा म्हटलं तेव्हाही मान डोलावली आणि पाणी पार दारापर्यंत गेलं. पुसलं मी, काही बिघडलं नाही.

बोलणं कमीच होतं. मी पहिल्यापासून घुमा, तुला माहीत आहे. मी मशीन उघडून बसतो, ते शेजारी खुर्ची ओढून माझे हात बघत बसतात. समोरच्या शिंपीणबाईंनी काल माझ्या मिशीचं कौतुक केलं. अशी झुपकेदार मिशी हल्ली बघायला मिळत नाही, म्हणाल्या. तू निवांत बॅग भर.

आठवण ठेव, काळजी ठेवू नकोस.

तुझा
दादा


२१ मार्च

ती. दादा यांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग हातातली कवळी खाली ठेवली. दादा, बाबांना कळतं तेव्हा ते वाद घालतात. नळ बंद करा म्हटलं तर तो उघडा कुणी ठेवला, इथपासून सुरुवात होते. मान डोलावतात ती काहीच कळलं नाही की. समोरच्याचा हिरमोड होऊ नये म्हणून. तोंडावर मास्क लावलेल्या डॉक्टरांपुढे अशीच डोलावतात. म्हणजे माझं जाणं त्यांना अजून माहीतच नाही.

तू सुट्टीत येतोस तेव्हा तुमच्या मध्ये मी असते. तुझं बोलणं मीच त्यांना पुन्हा सांगते, म्हणून हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझी मिशी ओठांवर उतरते, दादा. ती का ठेवलीस ते मी जाणते. जन्मतः दुभंगलेला ओठ शिवला, त्या व्रणावरून शाळेतली पोरं काय म्हणत, ते तुझ्याबरोबर चालताना मीही ऐकलंय. मिशी फुटल्यापासून तुझा ओठ मीसुद्धा पाहिलेला नाही. काढ, असं म्हणायचा मला हक्क नाही आणि म्हणत नाही. मी परत येते, कसंबसं सांगते, आणि मग बहुधा जायची नाही. तुझ्यावर राग नसेल. वाईट वाटेल, वाटणार नाही असं खोटं कशाला लिहू?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
धाकटी


२८ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोहोचलं. दोन-तीन दिवस ते हत्यारांच्या पेटीत पडून होतं. तिकीट रद्द करू नकोस. ओठाला गार वारा लागतो, सवय नाही. बाकीचं बाबा लिहिणार आहेत. मला लिहू देत नाहीत.

तुझा
दादा


२८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र आहे, पाटी नव्हे, तेव्हा मनात शंका आणू नकोस.

गुरुवारी हा मोरीतून तोंड पुसत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. घरात कोण शिरलं, असं वाटलं. मग ओठावरची शिवण दिसली. शिवण सरळ आहे. जन्मभर कापड पाहिलेला माणूस सांगतो, काम चांगलं झालं होतं. मिशी काढ असं मी त्याला कधी म्हणालो नाही. ती कशासाठी आहे ते मला ठाऊक होतं, त्यापेक्षा मान डोलावलेली बरी.

त्याने तुझं सांगितलं. एका वाक्यात कळलं. पाच वर्षं फार आहेत, मला मुळीच आवडलेलं नाही, आणि त्यावरून मी त्याच्याशी पोटभर भांडलो. भांडून झाल्यावर मलाच हलकं वाटलं. तू जा. येताना मला नवी कवळी आण, ही बोलताना हलते. कपाट मी त्याच्याकडून जागेवर आणून घेतलं आहे.

हा घुमा आहे, असं मी इतकी वर्षं समजत होतो. तो गुरुवारपासून बोलतोय. सुई का तुटते, जुना घरमालक किती चिकट होता, एक मुलगी मनात होती आणि तिला विचारायचंच राहून गेलं, सगळं. जेवतानाही थांबत नाही. ऐकून ऐकून माझे डोळे दुखायला लागलेत.

तुझे
बाबा