फडकं आधीचं

बुधवार, दि. १४
(तारीख लिहिणारीने घातली. मला वार पुरतो.)

चि. ठमीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. आता तुझ्या पोटात मावतील तेवढेच घे, उरलेले डब्यात काढून ठेव. इकडे सगळं ठीक आहे असं पत्रात लिहायची पद्धत आहे, म्हणून तसं लिहायला सांगितलं. गुडघे सोडले तर ते खरंही आहे. तुझा बाप बरा आहे, म्हणजे पेपर उघडून बसतो आणि मला कशात ओढू नका म्हणतो. खिडकीतल्या कुंडीत मी लावलेल्या रोपाला मिरची आली. एकच आली, पण झणझणीत. माझ्यावर गेली.

तुला अजून ठमी म्हणायचं का, यावर इथे वाद झाला. लिहिणारीचं म्हणणं, मुलगी आता बारीक झाली, जुनं नाव कशाला उगाळता. मी म्हटलं, नाव मी ठेवलंय, वजनकाट्याने नाही. तू चिपाड झालीस तरी माझी ठमीच. आवडत नसेल तर उलट टपालाने कळव. मग मी ऐकलं नाही असं करीन.

अक्षर कुणाचं ते तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. मला वाचता येत नाही, पण मीही ओळखते. ही बाई पेन इतकं दाबते की कागद उलटा करून बोट फिरवलं की ओळ लागते. हिची अट अशी की तिच्याबद्दल मी अवाक्षर सांगायचं नाही आणि पत्रात ती स्वतःचा एक शब्द घालणार नाही. मी बरं म्हटलं. म्हणून तिला नुसतं लिहिणारी म्हणते आहे. एरवी शेजारची मुलगी लिहून देते. ती परीक्षेत अडकली आहे, असं मी हिला सांगितलं. ती परीक्षा कधीच संपली, हे लिहिणारीला हे लिहिताना कळतंय. पेन थांबलंय. आता पुढे चाललं.

तर कामाचं बोलू. तू फोन उचलत नाहीस. रविवारी बोललीस ते शेवटचं. पार्लर सोडते म्हणालीस. मालकीणबाईंनी सांगितलं, डोक्यावर विग चढव, नाहीतर मागच्या खोलीत बसून टॉवेल धू. जिचे स्वतःचे केस गळतात तिच्या हाती डोकं द्यायला गिऱ्हाईक कचरतं. तू म्हणालीस, महिनाअखेरपर्यंत कसंबसं काढते, मग घरी येऊन पडते. दिवसभर समोर आरसा, पाठीमागे आरसा, जिकडे बघावं तिकडे आपलीच टाळू. संध्याकाळी झाडायला घेतलं की खुर्चीखाली गिऱ्हाइकांचे कुठले आणि तुझे कुठले हेही कळत नाही म्हणालीस. हे सांगताना हसलीस. ते हसणं मला काही आवडलं नाही.

घर तुझंच आहे. पण पडायला येणार असशील तर येऊ नकोस. गादी मी आधीच अडवली आहे.

आता तुझ्या उपायांबद्दल. कांद्याचा रस लावलास, ठीक. उशीला वास आला, तेही ठीक. टाळूत सुया टोचून घेतल्यास. मग ती लाल दिव्यांची टोपी घालून रोज संध्याकाळी बसायला लागलीस. मला वाटलं उबवायला ठेवलंय की काय डोकं. पार्लरमधल्या एकूण एक बाटल्या पालथ्या घातल्यास. एवढं सगळं बाहेरून केलंस, आणि आतून काय केलंस तर इस्पितळाने दिलेल्या गोळ्या बंद केल्यास. का, तर गोळ्या सुरू झाल्या आणि पाठोपाठ केस जायला लागले. म्हणजे चोरी झाली त्याच महिन्यात पाहुणा आला, म्हणून पाहुण्यालाच धरायचं. अगं, गळले ते वजन उतरवायला पोटाचं ऑपरेशन केलंस त्यामुळे. गोळ्या तर राखणीला आल्या होत्या.

हे मला कसं माहीत? ऐक. मागच्या आठवड्यात इस्पितळातल्या आहाराच्या बाईंना फोन गेला. माझ्या नावाने गेला. मी तेव्हा मोरीत पाय धूत होते. इथून एक बाई आवाज कापरा करून म्हणाली, मी मुलीची आजी बोलते. फोनचा आवाज मोठा होता, मी दाराआडून दोन्हीकडचं ऐकलं. खोकली सुद्धा, म्हातारपणाला शोभेल असं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, आजी, तुमचा आवाज बाकी तरुण आहे. यावर ही काय म्हणाली असेल? म्हणाली, रोज गरम पाणी पिते.

त्या बाईंनी सांगितलं ते असं. वजन एकदम उतरलं की शरीर घाबरतं. थोडक्या अन्नात काय काय चालवायचं, हृदय, रक्त की केस, तर ते पहिल्यांदा केसांना सुट्टी देतं. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी गळती लागते आणि पोटात नीट गेलं तर बहुतेकांचे परत येतात. पण घाई करून येत नाहीत. प्रत्येक जेवणात आधी अंडं, डाळ, दही, मासा, जे पचेल ते, आणि मग बाकीचं. गोळ्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत, त्या जन्मभराच्या. रक्त तपासून घ्यायचं. आणि टोपी, सुया, तेल यातलं काहीही करायचं तर आधी डॉक्टरांना विचारून. हे सगळं हिने पाठ करून ठेवलं होतं. मला रात्री जेवताना सांगितलं, असं की जणू बाजारात कुणीतरी बोलत होतं.

लिहिणारी म्हणते आहे, हे अटीत बसत नाही. मी म्हटलं, मी नाव कुठे घेतलं?

आता मोडलीच आहे अट तर पुरी मोडते.

तू मला फोन करतेस तेव्हा फोन मला धरता येतो का? माझा हात हलतो. फोन टेबलावर ठेवतात, आवाज मोठा करून. कोण ठेवतं? तू म्हणायचीस, आजी, तुला बरं सुचतं विचारायला. आज पाणी किती प्यायलीस, जेवताना घास चावतेस की गिळतेस, चक्कर येते का, नखं तुटतात का. ठमे, मला नखांचं काय सुचणार? समोर एकजण उभी असायची, हातात पोळपाट तर पोळपाट, भांडं तर भांडं, आणि नुसत्या ओठांनी विचारायची. मी तिचे ओठ वाचायचे. मला तेवढंच वाचता येतं. गोळ्या बंद केल्या म्हणालीस त्या दिवशी तिने ओट्यावर हात असा आपटला की तू विचारलंस, काय पडलं? मी म्हटलं, मांजर.

आपल्याकडे मांजर नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यात तुम्हा दोघींचं झालं ते मी ऐकलं नव्हतं. नंतर दोघींनी वेगवेगळं सांगितलं, म्हणून खरं समजलं. ती म्हणाली, धडधाकट पोट कापून घेतेस, मग रडत माझ्याकडे येऊ नकोस. तू म्हणालीस, तुझ्या हातचं खाऊनच मी अशी झाले. तू कापून घ्यायला आत गेलीस आणि ती कँटीनला परत गेली. कारखान्याची सगळी पाळी तिच्या हातचं जेवते. त्या दिवशीही जेवली. घरी मात्र तेव्हापासून ती पातेल्यावर झाकण ठेवताना आवाज होऊ देत नाही. आता तुला वाटतं, केस गेलेलं तोंड घेऊन गेले तर ती म्हणेल, सांगितलं होतं ना. आणि तिला वाटतं, मी फोनवर बोलले तर तू ठेवून देशील. दोघी मिळून मला दमवता.

म्हणून आता जे सांगते ते नीट वाच. लिहिणारी पेन खाली ठेवते आहे. मी म्हटलं, उचल. मला लिहिता येत असतं तर तुझी गरजच नव्हती.

तू झालीस त्यानंतर थोड्याच महिन्यांत तुझ्या आईचे केस असेच गेले. पुढून पार. अंघोळीनंतर पुंजका हातात यायचा, तो ती कागदात गुंडाळून चुलीत घालायची, कुणाला दिसू नये म्हणून. बाळंतिणीचे जातात थोडे, मी पाहिलेत. हिचे फार गेले. लोक बाळ बघायला यायचे आणि आईकडे बघत बसायचे. तेव्हा हिने निळं फडकं बांधलं. तुला वाटतं ती डोक्याला फडकं बांधते ते कँटीनमुळे, केस अन्नात पडू नयेत म्हणून. कँटीनची नोकरी नंतरची, ठमे. फडकं आधीचं.

केस कधीच आले. बघण्यासारखे आहेत. फडकं मात्र सुटलं नाही. तुला सांगू का विचारलं तेव्हा मला म्हणाली होती, नको, पोरीला वाटेल माझ्यामुळे गेले.

आणि उरलेले वेडेवाकडे झाले तेव्हा सारखे कुणी केले, तर मी, कापड कापायच्या कात्रीने. एक बाजू वर, एक खाली. आजतागायत ती कुणाला केस कापू देत नाही, त्यात माझाही हात असेल.

तेव्हा तू काय करायचं ते सांगते. गोळ्या आज सुरू कर, रक्त तपासायला दे. डोक्याचं काय करायचं ते तुझं तू ठरव: बारीक काप, रुमाल बांध, उघडं ठेव. विग आवडला तर विगही घाल, पण तुला आवडला म्हणून. टॉवेल मात्र धुवायचे नाहीत. तू डोळे मिटून कुरळ्या केसात कात्री चालवतेस असं तुझ्याच शेजारच्या खुर्चीवालीने मला सांगितलं होतं. मालकीणबाईंना सांग, गिऱ्हाईक कचरत नाही, येतंय. मंगळवारी, दुपारची पाळी वाढून झाली की. तोवर खुर्ची सोडलीस तर ते गिऱ्हाईक दारातून परत जाईल, आणि या घरात पुन्हा कुणी कुणाला फोनवर ऐकणार नाही. पातेल्यावर झाकण तर मुळीच वाजणार नाही.

ते गिऱ्हाईक कोण ते मी सांगणार नाही, कारण ते कबूल झालेलं नाही. मी सांगताना त्याने लिहिलं, एवढंच. लिहिलं की नाही तेही मला कसं कळणार? वाचून दाखवते तेव्हा सगळं बरोबर वाचते. पण ही बाई म्हातारीचा आवाज काढून इस्पितळाला फसवते.

पत्र लिहून देणाऱ्यानेही शेवटी आपलं काहीतरी लिहायचं असतं, ही जुनी रीत. तेवढं मी तिला करायला सांगितलं आहे आणि मी उठून मिरचीला पाणी घालायला चालले आहे. ती काय लिहिते ते मला वाचता येणार नाही. तू वाच.

अंगठा माझाच आहे. शाई पुसायला लिहिणारीने फडक्याचं टोक दिलं.

तुझी,
आजी

यातलं पुष्कळ मला गाळता आलं असतं. आईंना कळलं नसतं. गाळलं नाही.
मंगळवारी फडकं तू सोड. मागून थोडे वाकडे आहेत, सांभाळून काप.

पत्र लिहिणारी,
तुझी आई