शकुनाचं दही

चिखली,
११ डिसेंबर १९६७

प्रिय शरयू,

उद्धवरावांचं पत्र काल आलं. महिनाभर तू नुसत्या पेजेवर आहेस, घास उतरत नाही आणि नागपूरला घशात नळी घालून तपासायचं म्हटलं की खोलीचं दार लावून घेतेस. आई गेली तशी मला जायचं नाही, असं म्हणतेस म्हणे. ते वाचल्यापासून माझं दवाखान्यात लक्ष नाही.

अमडापूरला शाळेत निघताना वच्छलाकाकू तुझी वेणी झाली की मला पुढ्यात ओढायच्या. माझे केस दाट, म्हणून कुरकुरायच्या आणि रिबीन मात्र मलाच नवी बांधायच्या. चार वर्षांपूर्वी त्याच काकूंना, तुझ्या आईला, बैलगाडीतून आमच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा बोराची बी घशाखाली अडकून दोन दिवस झाले होते. पाणीसुद्धा परत येत होतं. नळी घालणारे डॉक्टर बाहेरगावाहून फक्त गुरुवारी यायचे.

तू तेव्हा बाळंतीण होतीस, वडनेरला. तुला एवढंच कळलं, की गुंगीत श्वास अडकला. श्वास माझ्या हातात होता, शरयू. भुलीच्या इथरचे थेंब पडू लागले की माणसाची जीभ मागे पडते, म्हणून डोक्याशी उभं राहून जबडा दोन्ही हातांनी पुढे उचलून धरायचा. ते काम माझं होतं आणि मी ते नीट केलं. पण नळी आत जाताच घशातून पांढरं वर आलं आणि श्वासनळीत उतरलं. आम्ही तोंड पुसलं, काकूंना कुशीवर वळवलं. ओठ निळे पडत गेले.

ते दही होतं. आत नेण्याआधी तुझ्या मनकर्णाआत्यांनी काकूंच्या तळहातावर दही-साखर ठेवली, ती मी पाहिली. मी अडवायला गेले तर म्हणाल्या, "काऊन वं वासंती, तुह्या दवाखान्यात शकुनबी वर्ज हाय काय? बोटभर दह्यानं काय होते?" काकू हसल्या आणि त्यांनी हात चाटला. बी अडकलेली, ते खाली जाणार कुठे? बीवरच साचून राहिलं. डॉक्टरांनी मला विचारलं, पेशंट उपाशी आहे ना? नाही म्हटलं असतं तर पुढच्या गुरुवारपर्यंत थांबावं लागलं असतं. मी हो म्हटलं.

आत्यांना बोल लावू नकोस. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, मला शिकवलेलं होतं.

हे आज लिहिते, कारण तू भितेस त्या नळीने काकू गेल्या नाहीत. नागपूरला आता श्वासासाठी वेगळी नळी घालतात, तिथे भूल देणारे डॉक्टरही वेगळे असतात. तू जा. मी सोबत यावं असं वाटलं तर दोन ओळी लिही. नाही वाटलं तरी मी समजेन. फक्त निघताना कुणी दह्याची वाटी पुढे केली, तर मूठ मिटून घे. आणि पोटात थेंबभर जरी गेलं असेल, तर डॉक्टरांना खरं सांग.

तुझीच,
वासंती