सुनेच्या मागं बसून मुडबीचा ओढा

ती. अक्काच्या पायावर अंकुशचं डोकं.

इकडं बसवकल्याणात आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझा गुडघा पावसाळ्यात काय म्हणतो ते कळव. म्हैस व्याली का तेही कळव (हे तुझी भावजय कमल विचारायलीय, मला नुसत्या खरवसाशी मतलब). आता तू म्हणशील, खिशात फोन असताना अंकुशला पत्र कामून सुचलं. तर अक्का, फोनवर तुला ऐकू येत न्हाई, अन् तुला ऐकू येईल एवढ्या आवाजात बोललो तर सैपाकघरात कमलला आधी ऐकू येतं. म्हणून दुकानात तुरीच्या पोत्यावर बसून लिहायलोय. अक्षर वाकडं आलं तर पोत्याला बोल लाव.

आपल्या सुनेला, विजयश्रीला, कडगंचीच्या विद्यापीठात शिकवायची नोकरी लागली हे तुला ठाऊकच आहे. सून म्हणती, रोज मोटारसायकलवर जाईन. कमल म्हणती, बसनं जा, न्हाईतर जाऊच नको. बसनं जायचं तर मधी गाडी बदलायची, अन् बदलायची गाडी आली तर आली. आपला धनराज, एकीचा मुलगा अन् एकीचा नवरा, दोघींच्या मधी बसून जेवतो अन् कुणाच्याच तोंडाकडं बघत न्हाई. शेवटी सून म्हणाली, रविवारी आमचा गट कडगंचीपर्यंत जाऊन येणार आहे, घरातल्या कुणीतरी माझ्या मागं बसा अन् स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कमलनं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही जा," म्हणाली, "अन् खरं काय ते येऊन सांगा." (खरं काय सांगायचं, तेही तिनं मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.)

गट म्हणजे तीन गाड्या. एक विजयश्रीची. एक निलम्माची, ती आळंदची, दवाखान्यात नर्स आहे, कानडीत रागावती अन् मराठीत चेष्टा करती. तिसरा राजपाल, आपल्या पिराजी मास्तरांचा मुलगा. वकिली करतो, त्यामुळं पावसाशीसुद्धा वाद घालतो. पाऊस तर असा की समोरच्या घरचा ओटा दिसंना. मला वाटलं, आता रद्द होईल अन् मी सुटलो. पण तिघंही असे खुशीत, जसं काही पावसाला यांनीच आवतण धाडलं होतं. मी खताच्या पोत्याची खोळ केली, तिच्यावर हेल्मेट चढवलं अन् धोतरामुळं दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलो. निलम्मानं मला न्याहाळलं अन् विचारलं, "अप्पा, ओटी भरूनच पाठवायलेत का तुमाला?" मग घरात जाऊन धनराजची प्यांट घातली. कमरेला सुतळी बांधली.

निघताना सुनेनं एकच गोष्ट सांगितली. "मी जिकडं कलंल तिकडं कला, अप्पा. उलटं जाऊ नका." आता अक्का, इतकी वर्षं सासरा म्हणून ताठ बसलेला माणूस एकदम सुनेच्या कलानं कसा जाईल? पहिल्याच वळणावर ती डावीकडं कलली, मी भिऊन उजवीकडं. गाडीला कळंना कुणाचं ऐकावं. ती जरा वेळ डुलली अन् रस्त्याकडंच्या काळ्या चिखलात इतक्या हळू आडवी झाली की पडलो म्हणण्यापेक्षा झोपलो म्हटलेलं बरं. सून आधी गाडीकडं न्हाई, माझ्याकडं आली. "कुठं लागलं का, अप्पा?" मी म्हटलं, "मला न्हाई, पण हे कमलला सांगायचं न्हाई." चाकाच्या वर चिखल असा गच्च बसला होता की काटकीनं उकरून काढावा लागला. तो तिनं स्वतः काढला. मी खोळ सावरत हुकूम देत होतो.

मुडबी गाव मागं सुटलं अन् पुढं ओढा आडवा आला. पूल बुटका, कठड्याचा पत्ता न्हाई, अन् वरनं गढूळ पाणी चाललेलं. आमच्या डोळ्यांदेखत एक टेम्पो पाणी उडवत पार गेला. अक्का, तोवर माझी भीती मेली होती. उलट असा जोर चढला होता की मी मागनंच म्हटलं, "चल गं, घाल गाडी." तिनं किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"पाण्याखाली रस्ता हाय का न्हाई ते दिसंना, अप्पा. दिसल्याबिगर मी चाक घालत न्हाई."

राजपाल म्हणाला, "टेम्पो गेला, म्हणजे रस्ता हाय. याच्यापेक्षा मोठा पुरावा कोणता?"

अन् मी, सगळ्यांच्या देखत, म्हणालो, "एवढी भित्री असशील तर बसनंच जा."

माझा चष्मा भिजला होता, तो तिनं काढून घेतला, ओढणीच्या कोरड्या टोकानं पुसला अन् परत माझ्या नाकावर ठेवला. बस, एवढंच.

ओढ्याकाठी पार्वतीबाई म्हणून एका बाईचा गोठा होता. तिनं आम्हाला आत घेतलं, चुलीपाशी बसवलं, ज्वारीच्या भाकरीवर पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी वाढली. (भाजीचा आंबटपणा अजून जिभेवर आहे. कमलला हेही कळवू नको.) "सून चालवायली अन् सासरा मागं, हे उलटं कामून?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "रस्ता तिला दिसतो, बाई." बोलून गेलो, अन् मग कळलं, काय बोललो ते.

पाऊस थांबला, पाणी उतरलं, तसे आम्ही बघायला गेलो. पुलाची डावी बाजू नव्हतीच. टेम्पो गेल्यावर ढासळली असंल. ओढ्यानं सगळा भराव खाऊन नेला होता, अन् आपण चालतो ती बाजू डावीच. राजपालनं आपला पुरावा परत घेतला. पण माझं तोंड कुठं थांबतंय? "मी म्हणतच होतो, थांबा," मी म्हणालो. निलम्मानं माझ्या हेल्मेटवर नुसती एक टिचकी मारली.

कडगंची राहिली. कोहिनूर गावाच्या बाजूनं परत फिरलो. अन् अक्का, तो परतीचा रस्ता मी तुला कसा सांगू? धुतलेली तूर, भरलेले उडीद, वारा अंगातनं आरपार. ती डावीकडं कलली की मी डावीकडं, ती उजवीकडं की मी उजवीकडं. लहानपणी आपण दोघं आपल्या वडलांची सायकल चोरून मळ्याच्या उतारावरनं सुटलो होतो, अगदी तसं वाटलं. मी ओरडलो म्हणं. मला आठवत न्हाई, पण शेतातल्या बायका वाकलेल्या उठून बघायल्या.

घरी आल्यावर कमलनं विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "थंडी वाजायलीय," अन् पांघरूण घेतलं. धीरच झाला न्हाई. म्हणून विनंती. तू थोरली आहेस, कमल तुझा शब्द खाली पडू देत न्हाई. तू तिला सांग, पोरीला गाडीवर जाऊ दे. माझं नाव घेऊ नको.

तुझा धाकटा,
अंकुश

ता.क. तुझ्या हैदराबादच्या मुलाला सांगून माझ्या मापाचा पावसाळी कोट मागव. रंग लाल. खोळ आता शोभत न्हाई.

ता.ता.क. वन्सं, नमस्कार. मी कमल लिहायलेय. पाकीट चिकटवायला खळ मागायला हे माझ्याकडंच आले. सुनेनं ओढ्याचं सगळं मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, यांनी तिला भित्री म्हटलं तेवढं सोडून. ते आज हे पत्र वाचून कळलं. पाणी बघून थांबणारी पोर रोज जाऊ दे, असं मी तेव्हाच तिला सांगून टाकलं. तिचा प्रश्न मिटलाय. आता हे रोज तिच्या मागं बसून कडगंचीला जायचं म्हणायलेत. तिथं तुम्ही काय शिकणार विचारलं तर म्हणतात, वळणं. या वयात वळण लागत असंल तर मी कशाला आडवी येऊ? पण दुकान कुणी उघडायचं, तेवढं तुम्हीच विचारा.