दाबाच्या काट्याची नळी

मळा, फलटण
९ ऑक्टोबर १९६६

तीर्थरूप लालासाहेब दाजींच्या पायांशी धाकट्या मेहुण्याचा, सयाजीचा, दंडवत पोचावा.

आपली कंबर आता कशी आहे? आक्काताईनं कळवलं की आपण हळदीचं पोतं एकट्यानं उचलायला गेलात. (या वयात असं करू नये, असं मी लिहिणार होतो, पण माझं सध्याचं वागणं पाहता मला तो अधिकार राहिलेला नाही.) इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हैस व्याली, रेडकू झालं.

तर विमान. दोन वर्षांपूर्वी आपण आला होता तेव्हा गुऱ्हाळाच्या छपराखाली नुसता लाकडी सांगाडा होता आणि आपण त्याला तिरडी म्हणाला होता. मी राग धरलेला नाही. आता त्याला कापड, चाकं, शेपूट आणि लढाईनंतर मोडीत निघालेलं चार सिलिंडरचं इंजन आहे, आणि ते चालतं. हवाई दलात अकरा वर्षं इंजनं खोलण्यात गेली, ती काही फुकट गेली नाहीत. अडलं होतं ते एका नळीपाशी.

त्याचं असं झालं. सरकारी विमान-तपासणीच्या साहेबांचं पत्र आलं, की इंजन हवा ओढतं त्या पाइपातला दाब दाखवणारा काटा बसवून दाखवा, मग पुढचं बोलू. साहेबांचं बरोबरच होतं. तो काटा नसला तर इंजन ताकद देतंय का नुसतं ओरडतंय, हे कळत नाही. काटा माझ्याकडे होता. इंजन बंद असताना तो अठ्ठावीस इंचांच्या आसपास उभा राहतो, इंजन सावकाश चालू असलं की बारावर उतरतो आणि पुरं सोडलं की पुन्हा वर चढतो. फक्त पाइपापासून काट्यापर्यंत एक बारीक नळी न्यायची. अर्ध्या दिवसाचं काम! (हे वाक्य मी सौ. मुक्ताबाईला बोलून दाखवलं, ही माझी पहिली चूक.) त्यात आमचे थोरले बंधू नानासो यांनी बजावलं होतं, की दिवाळी झाली की गुऱ्हाळ लागणार, तवर तुझं पाखरू उडालं तर ठीक, न्हाईतर चुलवाणात जळण म्हणून जाईल. नानासो थट्टा करत नाहीत, हे आपण जाणता.

पाइप उतरवून त्याला भोक पाडलं (तो जागेवर ठेवून पाडलं असतं तर धातूचा कीस सिलिंडरात गेला असता) आणि गावातल्या डॉक्टरांच्या जुन्या स्टेथोस्कोपची रबरी नळी जोडली. इंजन चालू केलं. काटा बारावर आला. मी इंजनाचा वेग वाढवणारा थ्रॉटलचा दांडा पुढे सारला, इंजन गरजलं, पण काटा बारावरच! मी काट्यावर टिचक्या मारल्या, त्याच्या मूळ मालकाला शिव्या दिल्या. मग नळी पाहिली. पेट्रोलच्या वाफेनं ती मऊ पडली होती आणि इंजनाच्या ओढीनं चपटी होऊन आतून चिकटली होती.

दुसऱ्या दिवशी सायकलवरून लोणंद गाठलं. तिथं स्टेशनातल्या पाण्याच्या पंपावर बिराप्पा फिटर माझा दोस्त आहे. त्यानं तांब्याची नळी दिली आणि पितळेची तोटी करून दिली. मी सांगितलेल्या मापाचं तोटीचं भोक पाहून म्हणाला, "गड्या, ह्यातनं सुईबी जायाची न्हाई, हवा कशी जाईल?" मी सांगितलं, हवेला सुईएवढी जागा पुरते. मोठं भोक ठेवलं तर काटा थरथरतो.

तांब्याची नळी मी ताठ, सरळ, कवायतीत उभी केल्यासारखी बसवली. तीन दिवस उत्तम चालली. चौथ्या दिवशी निम्मं गाव बघायला जमलं आणि इंजनानं शिट्टी धरली. काटा वीसच्या खाली येईना, आणि कार्ब्युरेटरमधून असा बार उडाला की पारूबाई म्हातारी "आवं, लढाई लागली" म्हणत उसात शिरली. तिला बाहेर काढण्यात संध्याकाळ झाली.

मी पुन्हा काट्यालाच दोष देऊन तो उतरवायला घेतला. मुक्ताबाई शेंगा निवडत होती. म्हणाली, "त्या काट्याला कशाला छळताय? शिट्टी वाजतीया म्हंजी वारा कुटंतरी शिरतोय. साबण लावून बघा की." इंजन बंदच होतं. मी नळीत सायकलच्या पंपानं हवा भरली, तिनं धुण्याच्या साबणाचा फेस चोपडला. पाइपाजवळच्या जोडावर टपोरा बुडबुडा आला. हादऱ्यानं नळीला केसाएवढी चीर पडली होती. ताठ नळी हादरा सोसत नाही. हे हवाई दलात मी पोरांना शिकवत असे, दाजी! मग नव्या नळीला लाटण्यावर तीन वेढे दिले, म्हणजे हादरा वेढ्यांत जिरतो. वेढे मुक्ताबाईनंच दिले. माझ्या हातून दोनदा नळी दुमडली होती.

परवा साहेब आले. शेपूट लिंबाच्या झाडाला बांधली. इंजन सावकाश सोडलं: काटा बारावर, भिंतीत खिळा ठोकावा तसा स्थिर. पुरं सोडलं: सव्वीस! दोर ताणला, लिंबाचा पाला झडला. नानासोंचा फेटा उडाला, तो त्यांनी स्वतः पळत जाऊन आणला. साहेबांनी सही केली. दाजी, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (धुरानं.)

आक्काताईस नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कंबरेला शेक चालू ठेवावा.

आपला,
सयाजी

ता. क. — खरं काम राहिलंच. पहिल्या खेपेला विमानात एकट्यानंच बसायचं असतं. मुक्ताबाई म्हणते, मीपण बसणार. दोन दिवस बोलत नाही. ती फक्त आपलं ऐकते. तिला चार ओळी लिहाव्यात.

आणखी ता. क. — दाजी, मुक्ताचा नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. मला चार ओळी लिवू नका, त्यांना लिवा. साहेबानं सही केली ती इंजनापुरती. जाताना त्यानं इचारलं, चालवणार कोण, परवाना कुणाचा? हे म्हणाले, बघतो. अकरा वर्षांत हे दोनदा वर गेलेत, ते बी मागं बसून, आणि दोन्ही येळा वकलेत. मी संगं बसायचा हट्ट धरला तो ह्यांना अडवायला. तुमच्या वळखीत परवाना असलेला कुणी असंल तर धाडून द्या, जेवूखाऊ घालू. तो उडून धड खाली आला की दुसऱ्या फेरीला मी खरंच बसणार हाय. एवढं मातर ह्यांना आत्ताच कळवू नका.